गोल डोक्याचा की सॉनिक? आकड्यांवर जाऊ नका

दात घासायच्या एका इलेक्ट्रिक ब्रशवर (गोल डोक्याच्या) मिनिटाला ८,८०० हालचाली लिहिल्यात, दुसऱ्यावर (सॉनिकवर) ३१,०००, मग दुसरा साडेतीनपट स्वच्छ करणार का, असं तुम्ही विचारलंय. नाही. दोघांची हालचालच वेगळी, त्यामुळे या आकड्यांची तुलना होत नाही.

गोल डोक्याचा ब्रश पूर्ण गिरकी घेत नाही. थोडा इकडे, थोडा तिकडे असा उलटसुलट फिरतो, आणि बऱ्याच मॉडेल्समध्ये जोडीला आत-बाहेर ठोकेही देतो. दातावरचा चिकट थर, म्हणजे प्लाक, तो सरळ खरवडून काढतो. डोकं लहान असल्यामुळे एका वेळी एकच दात धरायचा: बाहेरची बाजू, आतली बाजू, चावण्याचा पृष्ठभाग, मग पुढचा दात.

सॉनिकचं डोकं लांबट, आणि केस सेकंदाला साधारण २६० वेळा डावी-उजवीकडे झुलतात. जाणं एक, येणं एक असं मोजलं की मिनिटाचे ३१,००० होतात. (अशाच ब्रशवर ६२,००० ‘हालचाली’ही छापलेल्या दिसतात. मोजायची पट्टी बदलली, दुसरं काही नाही.) नाव सॉनिक असलं तरी आवाजाने दात साफ होत नाहीत, कंपनं कानाला ऐकू येणाऱ्या टप्प्यात आहेत, एवढाच त्याचा अर्थ. लाळ आणि पेस्ट घुसळली जाऊन केस पोचत नाहीत तिथलाही थोडा प्लाक सुटतो, असं प्रयोगशाळेत दिसलंय. तोंडात मात्र त्या भरवशावर दातांमधल्या फटी सोडू नका. फ्लॉस (फटींतून फिरवायचा दोरा) किंवा फटींचा छोटा ब्रश लागतोच.

अल्ट्रासॉनिक हा तिसरा प्रकार, त्याची कंपनं ऐकू येण्यापलीकडची. माझ्या मते त्याच्या दाव्यांना अजून पुरेसा आधार नाही, त्यामुळे मी त्याच्या वाटेला गेलेलो नाही.

कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१४च्या आढाव्यात साध्या ब्रशच्या तुलनेत इलेक्ट्रिकने तीन महिन्यांनंतर प्लाक २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी आढळली. त्यातला सर्वाधिक पुरावा गोल, उलटसुलट फिरणाऱ्या ब्रशचा होता. दोन्ही प्रकार वापरून माझा कलही तिकडेच आहे, पण त्यासाठी चांगला चालणारा सॉनिक बदलू नका.

खरी चूक हातात असते. सॉनिक घेतल्यावर मी सहा महिने तो साध्या ब्रशसारखाच खसाखसा घासत होतो. दाबला की केसांचं झुलणंच थांबतं! शेवटी डॉक्टरांनी आरशात खालच्या दाढांची आतली बाजू दाखवली, तिथे कीटण तसंच. (आणि कीटण एकदा बसलं की कुठल्याच ब्रशने निघत नाही.) तेव्हापासून दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर ब्रश तिरपा टेकवतो, हलकेच पुढे सरकवतो. घासायचं काम त्याचं. दोन मिनिटं, दर तीस सेकंदांनी तोंडाचा एक चतुर्थांश भाग. दाब पडल्यावर इशारा देणारं मॉडेल मिळालं तर त्यासाठी चार पैसे जास्त मोजा. ॲप वगैरेसाठी नको.

आणि हो, ब्रश तोंडात गेल्यावरच बटण दाबा. पहिल्या दिवशी मी अख्खा आरसा पेस्टने रंगवला होता.