जुन्या सागवानी कपाटांना स्टेन लावण्यापूर्वी

स्वयंपाकघरातील जुन्या सागवानी कपाटांचे पॉलिश न काढता वरूनच अक्रोडी रंगाचा स्टेन लावला तर चालेल का, असे आपण विचारले आहे. चालणार नाही. स्टेन लाकडात मुरावा लागतो, आणि मेलामाइनचा किंवा लाखेच्या पॉलिशचा थर त्याला आत शिरूच देत नाही. दारावर पाण्याचे दोन थेंब टाकून पाहावेत. ते बराच वेळ तसेच उभे राहिले, तर थर अजून शाबूत आहे असे समजावे.

परंतु खरी डोकेदुखी पॉलिशची नसून फोडणीच्या तेलाची असते. जुळे सोलापुरातील आमच्या घरी मी शेगडीशेजारचे दार न धुताच पॉलिश पेपरने घासले. त्या घासण्याने चिकटा लाकडाच्या रेषांत दाबला गेला आणि स्टेन लावल्यावर मुठीभोवती, जिथे वर्षानुवर्षे तेलकट हात लागत होते, तिथे तळहाताएवढा फिकट डाग उमटला. ते दार पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. म्हणून आधी भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्याने आणि दार वाळल्यावर टर्पेंटाइनने पुसावे, मगच पॉलिश सैल करणारा रिमूव्हर लावून थर खरवडावा. त्यानंतर १२० व १८० नंबरच्या कागदाने रेषांच्या दिशेनेच घासावे. याहून गुळगुळीत केलेले लाकूड रंग कमी पिते. दारे भरीव सागवानाची नसून प्लायवर व्हिनिअर लावलेली असतील, तर घासण्याचे मशीन मुळीच चालवू नये; तो पापुद्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो.

छटा प्रथम दाराच्या मागील बाजूस पाहावी. स्टेन लावून दोन-तीन मिनिटांत जास्तीचा पुसून घ्यावा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा स्टेन पुसण्याआधीच सुकून जोडांचे पट्टे दिसतात, तर पावसाळी दमट हवेत वरून मेलामाइनचे पॉलिश दिल्यास ते पांढरट पडते. त्यामुळे दिवाळीनंतर जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंतचा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. पुसायला जुने धोतर घ्यावे. टॉवेलांच्या गावात राहून हे सांगणे विचित्र वाटेल, परंतु टॉवेलचे सुटे तंतू ओल्या स्टेनला चिकटतात. तेलाच्या स्टेनने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा मात्र कोपऱ्यात टाकून ठेवू नये. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

दारांवर क्रमांक टाकून, बिजागऱ्या सोडवून, सर्व काम गच्चीवर सावलीत करावे. चौकटी जागेवरच कराव्या लागतात. त्या वेळी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद ठेवावा, खिडक्या उघड्या असाव्यात आणि थिनरचा वास पूर्ण जाईपर्यंत शेगडी पेटवू नये.

स्टेन स्वतः लाकडाचे रक्षण करत नाही, म्हणून तो पूर्ण वाळल्यावर सीलर (लाकडाची छिद्रे बुजवणारा थर) आणि पीयूचे (पॉलीयुरेथेन या पारदर्शक पॉलिशचे) दोन हात द्यावेत. सिंकखालच्या दारांच्या खालच्या कडेला तिसराही द्यावा. दार लावलेले असताना ती कड दिसत नाही, पण ओघळलेले पाणी तिथेच थांबते.