शाहूपुरीतल्या दुकानाचा जुना संगणक (इंटेल एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी रॅम) रखडतोय. रॅम वाढवू की नवा घेऊ?

नवा कशाला? आधी रॅम वाढवा. या बोर्डावर बहुधा दोनच स्लॉट असतात, दोन्हींत ४-४ जीबीच्या सारख्या डीडीआर३ (या बोर्डाला चालणारा रॅमचा जुना प्रकार) पट्ट्या टाका. त्यानंतरची डीडीआर४ बसणारच नाही, पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते. विंडोज ३२ बिट असेल तर मात्र ४ जीबीच्या वरची रॅम वाया जाते, म्हणून ६४ बिट टाकून घ्या.

त्याच फेरीत हार्ड डिस्कच्या जागी साटा केबलनं जोडायची एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा. खरा फरक तिथंच जाणवतो! यूएसबी ३ (जास्त वेगाचं यूएसबी) हवं असेल तर बोर्डावरच्या छोट्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये (जादा कार्डांसाठीची जागा) त्याचं कार्ड बसतं.

आणि आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात नवी पट्टी घेण्याआधी जुन्या रॅम पट्टीची पिवळी टोकं खोडरबरानं हलकेच पुसून बघा, दमटपणानं त्यांवर थर बसलेला असू शकतो. विजेची वायर काढूनच.