'न्ये' म्हणजे भोळा नव्हे

एका वाचकाने विचारलंय: मित्राच्या स्वभावाचं फ्रेंचमध्ये वर्णन करायचंय, तो भोळा आहे आणि हट्टीही. भोळ्यासाठी कोशात 'न्ये' सापडला, चालेल का?

मैत्री टिकवायची असेल तर नको. न्ये म्हणजे बावळट. भोळ्याला 'नाईफ' म्हणा. 'नाईव' हे स्त्रीलिंगी रूप. इंग्रजीने बहुतेक तेच उचललं आणि आपल्याकडे दाढीमिशीवाले बाप्येही बिनदिक्कत 'नाईव्ह' झाले. इंग्रजीच्या चष्म्यातून फ्रेंच वाचायची ही खोड काही जात नाही. 'साँसीब्ल' दिसला की 'समंजस' लिहून मोकळे! अहो, साँसीब्ल माणूस हळवा असतो. आणि 'सँपातिक' माणूस कुणाला सहानुभूती दाखवत हिंडत नाही, तो नुसता मनमिळाऊ.

न्ये शब्द मात्र मोठा गोड आहे. तो ससाणे पाळणाऱ्या शिकाऱ्यांचा. उडता यायच्या आत घरट्यातून उचललेलं पिल्लू म्हणजे न्ये. शिकार ठाऊकच नाही, माणूस दिसला की चोच वासून ओरडणार. त्यावरून बावळट. उलट, मोठा झाल्यावर पकडलेला रानटी ससाणा तो 'आगार' (एसटीचं नव्हे). आज सैरभैर, भेदरलेल्या नजरेच्या माणसाला आगार म्हणतात.

न्येचं मूळ लॅटिन 'नीदुस', म्हणजे घरटं. आणि नीदुस हे आपल्या 'नीड'चं सख्खं भावंड! दोन्हींच्या पोटात 'नि' अधिक 'सद्', खाली बसणे. 'उपनिषद्' मध्येही हीच जोडी बसलीय. फ्रेंच बावळट आणि उपनिषद् एकाच कुळातले निघाले, यापरता आनंद तो कुठला?

आता 'देबोनेर', म्हणजे सौम्य, भल्या स्वभावाचा. फोड 'द बॉन एर'. यातलं 'एर' म्हणजे कूळ, असं आजचे व्युत्पत्तिकार ठासून सांगतात आणि ससाण्याचं नाव काढलं की नाक मुरडतात. मुरडोत. गरुडाच्या घरट्याला फ्रेंचमध्ये आजही 'एर'च म्हणतात. कुळाच्या शब्दावर घरट्याची सावली पडलीच नसेल, हे मला कुणी पटवून द्यावं. चांगल्या घरट्यातला तो देबोनेर, घरट्यातून उचललेला तो न्ये. जोडी इतकी चपखल बसते की मी ती सोडणार नाही.

हट्टी राहिलाच की. 'तेत्यू' म्हणा, 'तेत' म्हणजे डोकं, त्यावरून.