माडिया पेशंट बोलत का नाही?

प्रश्न : मी चंद्रपूरच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर आहे. आमच्या जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) मुलींना गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीकडे पाठवतात. परत आल्या की सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं : माडिया आदिवासी पेशंट बोलत नाहीत, काही विचारलं की नुसती मान हलवतात आणि सकाळी बघावं तर पलंग रिकामा. जाण्याआधी छोटं प्रशिक्षण ठेवायचं म्हणते. काय शिकवू?

उत्तर : ताई, माझी सगळी नोकरी गडचिरोली जिल्ह्यात गेली, आधी एएनएम (गावपातळीची नर्स) आणि मग आरोग्य सहायिका म्हणून. तुम्ही हे विचारलंत याचाच मला फार आनंद झाला.

'माडियांच्या चालीरीती' अशी स्लाइड मात्र दाखवू नका. यादी पाठ करून आलेली मुलगी समोरच्या बाईकडे बघायचं सोडून यादीच शोधत बसते. त्यापेक्षा तिकडच्या दोन आशाताई आणि एखादी जुनी दाई बोलवा. त्यांना खुर्ची द्या, मानधन द्या आणि मुलींना वही घेऊन समोर बसवा. माडिया ही गोंडीच्या कुळातली, द्रविड भाषा. आपण मराठी कितीही सावकाश बोललो तरी माडिया बाईला ते कळणार नाही. 'कुठे दुखतं', 'कधीपासून', 'सोबत कोण आलंय' एवढं तरी माडियात तोंडपाठ करून घ्या. सुरुवात 'जोहार'ने.

मग सराव घ्या तो हिस्ट्री घेण्याचा. गरोदर बाईला शेवटच्या पाळीची तारीख विचारली की ती गप्प बसते आणि आपण कार्डावर अंदाजे काहीतरी लिहून मोकळ्या होतो. तिला विचारा, मोहफुलं वेचणं चालू होतं की संपलं होतं? तेंदूपत्ता सुरू झाला होता का? 'मोह संपत आला होता' म्हणाली, तर एप्रिलचा मध्य धरा. म्हणजे बाळंतपण जानेवारीच्या उत्तरार्धात. माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी दवाखान्याजवळ राहायच्या जागी, तिला कधी आणायचं, हे त्यावरच ठरतं. यायला का कू करत असेल तर घरची लहान पोरं कोण सांभाळणार, हे आधी विचारा.

वेदनेचंही तसंच. एका दवाखान्यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा पोरगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. विद्यार्थिनीने चार्टवर 'वेदना नाही' लिहिलं. त्याने पलंगाची लोखंडी पट्टी मुठीत इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती. ते पाहिलं झाडणाऱ्या मावशीने. एक ते दहा आकड्यांत दुखणं विचारून तिथे भागत नाही. मुठी बघा, कपाळ बघा, सोबतच्या माणसाला विचारा. आणि तो ओरडत नाही म्हणून त्याचं दुखण्याचं औषध लांबवू नका, हे पुन्हा पुन्हा सांगा.

रिकाम्या पलंगाचं उत्तर या जिल्ह्यात फार आधी मिळालंय. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी लोकांना विचारलं, दवाखान्यात का येत नाही? लोक म्हणाले, पांढरं कापड आपण मढ्याला गुंडाळतो आणि तिथे सगळे पांढऱ्यातच. शिवाय आमच्या माणसांना तिथे राहू देत नाहीत. म्हणून त्यांनी शोधग्राम या आपल्या संस्थेच्या आवारातला दवाखाना गोंड गावासारखा, झोपड्यांचा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. तुमच्या मुली इमारत बदलू शकत नाहीत. पण रात्री आई-मावशीला बाहेर काढायचं नाही, एवढं तर वॉर्डात ठरवता येतं.

कुर्माघराबद्दल मुली हमखास विचारतील. पाळीतल्या बाईने गावाबाहेरच्या त्या झोपडीत राहावं, हे मला कधीच पटलं नाही, आजही पटत नाही. तरी पहिल्या भेटीत भाषण नको. तिथे जा, जवळ बसा, लोहाच्या गोळ्या घरातच राहिल्या का ते विचारा, साप-विंचवापासून निजायची सोय बघा. ओळख झाली की तीच बाई मनातलं बोलते. पुजाऱ्याशीही भांडण नको. 'तुमची पूजा करा, पण ताप उतरत नसेल तर त्याच दिवशी आमच्याकडे पाठवा' असं त्यालाच सांगून ठेवा.

हे सगळं फेब्रुवारीत ठेवा. मे महिन्यात आशाताईंची घरं तेंदूपत्त्याला जंगलात असतात आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद.