जांभळ्या टोपणाची नळी
उद्यापासून तू विश्रामबागच्या लॅबमध्ये बसणार, म्हणून आधीच सांगते. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलंस की ती 8-10 वेळा हळूच उलटसुलट कर. ताक घुसळल्यासारखी हलवू नकोस बाई, तांबड्या पेशी फुटतात! पण तशीच ठेवलीस तर गुठळी होते नि प्लेटलेट उगाच कमी दिसतात. डेंग्यूच्या दिवसांत माझ्या हातून हे झालंय. पेशंटच्या घरचे लोक रडायला लागले होते.

सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे नळी गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून, काढलेली नळी एकदा उजेडात धरून बघ. वर पिवळसर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, साधारण 55 टक्के. तळाला तांबड्या पेशी. मधे सायीसारखा पातळ पांढरट पापुद्रा, पांढऱ्या पेशी नि प्लेटलेट त्यातच.

आणि नळीवर नाव पेशंटसमोरच लिही.