माळावरचा वीर

प्रश्न : गुरुजी, आमच्या गावाबाहेर बरड माळ आहे. दिवाळीनंतर आजोबांसोबत शेळ्या घेऊन गेले, तेव्हा कुसळात उभा एक काळा दगड दिसला, माझ्या कमरेएवढा. आजोबा त्याला 'वीर' म्हणतात, पायताण काढून पुढं जातात. दगडावर खाली गायींसारखं काहीतरी आहे, वर चंद्र-सूर्य. शेजारच्या ठेंगण्या दगडावर नुसता हात. पोरं म्हणतात, खाली धन पुरलंय. हे नेमकं काय?
— एक वाचक, ता. केज

उत्तर : आजोबा बरोबर सांगतात. तो वीरगळ आहे, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. यातला 'गळ' म्हणजे कन्नडमधला 'कल्लु', दगड. आपल्या भागावर आधी कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं, मग देवगिरीच्या यादवांचं. तेव्हा कन्नड शब्द इथं परका नाही.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई. तिथं गायी असतील तर गुरं वळवून नेणाऱ्यांशी झुंजताना तो गडी पडला, असं समजा. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं हात जोडून बसतो. चंद्र-सूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहो, म्हणून ते माथ्यावर. नाव मात्र बहुतेक दगडांवर नसतंच.

तो हात सतीचा. कोपरात वाकवलेला, मनगटात चुडा. अहेवपणी गेली, एवढंच तो सांगतो. या दगडापुढं मला दर वेळी अवघडल्यासारखं होतं. वीराची लढाई तरी कोरलीय, हिचा नुसता हात.

आता बघायचं कसं. माझीच फजिती सांगतो. पहिला वीरगळ मी एप्रिलात, दुपारी साडेबाराला बघायला गेलो. डोळे चोळून चोळून शेंदराशिवाय काही दिसेना. बाभळीखालचा गुराखी म्हणाला, "गुरुजी, दीस कलल्यावर या, मंग दिसतंय." साडेपाचला परत गेलो. तिरपं ऊन दगडाला घासून चाललं होतं, खाचाखाचांत सावली भरली होती. ढालीची कड दिसली, घोड्याचा लगाम दिसला, आणि घोड्याच्या पायाखाली आडवा पडलेला माणूस. दुपारी मी त्याच्यावरच हात टेकून उभा होतो!

धूळ असेल तर पाणी शिंपडा. तारेच्या ब्रशानं शेंदूर खरवडू नका, रेघांत खडू भरू नका. अक्षरं दिसली तर बाजूनं बॅटरीचा उजेड टाकून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

धनाचं म्हणाल तर एका गावी असाच दगड रातोरात उपटलेला मी पाहिलाय. खड्ड्यात मुरूम निघाला, दगडाचे दोन तुकडे झाले. पोरांना हे जरूर सांगा.

पुढच्या पत्रात कळवा, गायींची तोंडं कोणत्या बाजूला आहेत आणि तुमचा वीर घोड्यावर आहे की पायी.