एनसीओचा दर्जा तपासायचा तर आधी कोड घालून बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण, म्हणजे प्रत्येक कामाला अंकी कोड देणारी सरकारी यादी, एनसीओ २०१५, कितपत दर्जेदार आहे हे तुम्हाला एम.ए.च्या प्रबंधासाठी सांगली जिल्ह्यात तपासायचं आहे. त्यासाठी एनसीओ आणि त्याच धर्तीचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आयएससीओ-०८ यांचे कोड ताडून बघायचे, तज्ज्ञांकडून मतांचे फॉर्म भरून घ्यायचे आणि जमल्यास ई-श्रम या सरकारी कामगार नोंदणी पोर्टलची आकडेवारी वापरायची, असा बेत आहे.

कोड ताडण्याचा भाग मी तरी गाळला असता. चार अंकांपर्यंत एनसीओ २०१५चा सांगाडा आयएससीओ-०८ वरूनच घेतलेला आहे, तेव्हा तो जुळणारच. आपली खरी भर पॉइंटनंतरच्या चार अंकांत आहे आणि ती घालताना नोकऱ्यांची जुळवणी व कौशल्य प्रशिक्षण डोळ्यांपुढे होतं. त्यामुळे दर्जा कसा, याच्या आधी कशासाठी, हे ठरवून घ्या. पीएलएफएससारख्या (केंद्र सरकारच्या श्रमशक्तीच्या) सर्वेक्षणात पहिल्या तीन अंकांवर काम भागतं. नोकऱ्यांच्या पोर्टलवर उमेदवार आणि जागा जुळवायची असेल तर तीन अंकांत काहीच हाती लागत नाही. तुमचा प्रबंध कुठल्या वापराबद्दल आहे, हे पहिल्या प्रकरणातच लिहून टाका, नाहीतर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच येईल.

मी बरीच वर्षं सर्वेक्षणांच्या अर्जांवर कोड घालण्याचं काम केलंय. त्यावरून सांगतो, वर्गीकरणाची परीक्षा हद्दीवरच्या कामांत होते. नर्स, शिक्षक, रिक्षावाला यांचे कोड कुणीही घालेल. मिरजेचे सतारमेकर घ्या. भोपळा कोरणारा असो की जवारी काढणारा (घोडी घासून तारांचा नाद साधणारा), ७३१२ मध्ये, वाद्यं बनवणारे आणि सुरात लावणारे. वाद नाही.

आता विट्याकडचा गलाईवाला घ्या. खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर गलाईची दुकानं टाकून बसलीत, हे आपल्याकडच्यांना सांगायला नको. जुनं सोनं घ्यायचं, मुशीत घालून भट्टीत वितळवायचं, तेजाबानं (आम्लानं) चांदी-तांबं वेगळं करायचं, टंच (शुद्धता) बघून शुद्ध सोनं द्यायचं. दुकान त्याचं, हिशोब त्याचा, गिऱ्हाईकही तोच सांभाळतो. कोड काय घालणार? ७३१३ मध्ये दागिने आणि मौल्यवान धातूंचे कारागीर आहेत, ८१२१ मध्ये धातुप्रक्रियेची यंत्रणा चालवणारे, ५२२१ मध्ये दुकानदार. आयएससीओचे नियम सांगतात, की मिसळलेल्या कामांत ज्याला जास्त कौशल्य लागतं ते धरा, आणि उत्पादनाबरोबर विक्री-वाहतूकही असेल तर उत्पादन धरा. दुसऱ्या नियमानं दुकानदार बाद झाला. पण सातवा आणि आठवा विभाग (कोडाचा पहिला अंक म्हणजे विभाग) दोन्ही कौशल्याच्या एकाच, क्रमांक दोनच्या पातळीवर आहेत, म्हणून पहिला नियम इथे गप्प बसतो. मी ७३१३ घालीन, कारण भट्टी, मूस, तेजाब सगळं हातावर चालतं. पण शेजारच्या टेबलावरच्यानं ८१२१ घातला तर त्याला चूक म्हणायला माझ्याकडे आधार नाही. असा पेच पडतो तिथे वर्गीकरण कमी पडलं असं समजायचं. नियम असून भागत नाही, त्या त्या कामाचं नाव सूचीत असावं लागतं.

ऊसतोडीत उलटं आहे. सकाळी तोडायचं आणि मग बैलगाडी भरून कारखान्यावर खाली करायची. तोडणी ९२११, बैलगाडी ९३३२. उत्पादन आधी, म्हणून ९२११, कुणाचंही दुमत होणार नाही. तरी आकडे चुकतात, कारण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल (आगाऊ रक्कम) मुकादमाकडून दोघांची मिळून, आणि माहिती सांगायला पुढे येतो फक्त नवरा. बायको 'घरकाम' म्हणून नोंदली जाते. हा दोष एनसीओचा नाही, विचारणाऱ्याचा आहे. प्रबंधात हे दोन दोष वेगळे मोजले नाहीत, तर सगळं खापर पुस्तकावर फुटेल.

मोजायचं कसं? शंभर-दोनशे माणसांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. मग दोघांना एकमेकांचं न बघता कोड घालायला लावा. किती ठिकाणी जुळलं ते एक अंक, दोन अंक, तीन, चार असं वेगवेगळं काढा. अंक वाढतील तसं जुळणं कमी होणार, ते गृहीतच आहे. बघायचं ते हे, की घसरण कुठल्या विभागात सगळ्यात जास्त आहे. नुसती टक्केवारी देऊ नका, कोहेनचा कप्पाही काढा, म्हणजे योगायोगानं जुळलेली वजा होतील. आणि सगळे मतभेद एका तराजूत तोलू नका. हमालाचा कोड ९३च्या आत इकडचा तिकडे झाला तर फारसं बिघडत नाही. पण अर्धा एकर स्वतःचं रान असलेला आणि बाकी दिवस तासगावात दुसऱ्याच्या बागेत द्राक्षछाटणीला जाणारा माणूस 'शेती' एवढंच सांगतो. त्याला एकानं सहाव्या विभागात घातलं आणि दुसऱ्यानं नवव्यात, तर जिल्ह्याचं कौशल्याचं चित्रच बदलतं.

दोघांचं जुळलं म्हणजे बरोबर आलं, असंही नाही. साखर कारखान्याचा चिटबॉय घ्या. नावातल्या 'बॉय'वर जाऊन दोघेही त्याला नवव्या विभागात शिपायाशेजारी बसवतील. प्रत्यक्षात तो उसाच्या नोंदी घेतो, तोडीच्या चिठ्ठ्या लिहितो, म्हणजे काम चौथ्या विभागातल्या कारकुनाचं. म्हणून जुळलेल्यांपैकीही काही उत्तरं तिसऱ्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. जमलं तर कारखान्यातल्याच कुणाकडून. तुमच्या तज्ज्ञांना फॉर्म भरायला लावण्यापेक्षा हे काम द्या.

'इतरत्र समाविष्ट न केलेले' या खणांत किती टक्के गेले तेही काढा. खण फुगला असेल तर पुस्तकात जागा कमी आहे किंवा कोड घालणारा कंटाळलाय. मूळ उत्तरं वाचली की कुठलं ते कळतं.

काळाच्या तुलनेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्यात पाय हमखास अडकतो. १९६८ नंतरची आवृत्ती थेट २००४ला आली आणि पुढची २०१५ला. २००४चं वर्गीकरण जुन्या आयएससीओ-८८ वर होतं. त्यात लहान आस्थापना चालवणाऱ्यांसाठी पहिल्याच विभागात १३ हा उपविभाग होता, त्यामुळे गणपती पेठेतला किराणा दुकानदारही 'व्यवस्थापक' म्हणून मोजला जाऊ शकत होता. नव्यात तो ५२२१ मध्ये, पाचव्या विभागात आला. त्यामुळे जुन्या-नव्या आकडेवारीत व्यवस्थापक घटलेले दिसले की लगेच अर्थव्यवस्थेवर भाष्य करू नका. आधी दोन्ही आवृत्त्यांतला जुळणी तक्ता काढा आणि एका जुन्या कोडाचे नव्यात किती तुकडे पडतात ते मोजा. तेही दर्जाचंच माप आहे. (हद्द ओलांडून साताऱ्यात अपशिंगे मिलिटरीसारखं सैनिकांचं गाव घेणार असाल तर लक्षात ठेवा, एनसीओ फक्त नागरी व्यवसायांचं आहे. नोकरीतला जवान त्यात बसत नाही, निवृत्त होऊन सुरक्षारक्षक झालेला ५४१४ मध्ये बसतो.)

ई-श्रम या कामासाठी नको. ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांची नोंदणी तिथे होते आणि व्यवसाय तयार यादीतून निवडायचा असतो. माणसानं स्वतः काय सांगितलं होतं, ते मागे राहत नाही. मूळ शब्दच नसले तर दुसऱ्यांदा कोड घालणार कशावर?

शेवटचं, प्रश्नावलीत 'व्यवसाय' असा एकच रकाना ठेवू नका. 'नोकरी', 'धंदा', 'कंपनीत आहे' अशी उत्तरं भरून येतील. एक प्रश्न कामाचं नाव काय, दुसरा दिवसभरात मुख्यतः काय काय करता, तिसरा तिथे काय बनतं किंवा विकलं जातं. तिसऱ्याचं उत्तर उद्योगाच्या कोडात, एनआयसीत जातं, आणि तो प्रश्न वेगळा ठेवला नाही तर कुपवाड एमआयडीसीतला फाउंड्रीचा ड्रायव्हर फाउंड्री कामगार म्हणून नोंदला जातो. प्रश्नावली तयार झाली की इथे टाका, बघून देतो.